‘भात बंद करा’ एवढ्याने भागत नाही

मधुमेहाचं निदान झालं की कोकणातल्या माणसाला दवाखान्यात पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘भात बंद करा’. सांगणाऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट नसतो. बाहेर रांग लागलेली असते, एकेका रुग्णाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात तपासायचं, लिहायचं आणि समजावायचं. मग समजावण्याचं काम एका छापील कागदावर सोपवलं जातं. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी दोन फुलके आणि ब्रोकोली, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री सूप. कागद घडी होऊन फायलीत जातो तो जातोच. पुढच्या खेपेला साखर तेवढीच निघते, गोळी वाढते आणि रुग्णावर शिक्का बसतो, ‘पथ्य पाळत नाही’.

मी आहारतज्ज्ञ म्हणून याच किनारपट्टीवर काम करते. हा शिक्का मला मान्य नाही. पथ्य मोडलं असं म्हणण्याआधी ते त्या माणसासाठी दिलं होतं का, हे विचारायला हवं. माणसाचं काम, झोप, चालू असलेली औषधं, घरात कोण कोणासाठी रांधतं, बाजारात त्या महिन्यात काय मिळतं, हे सगळं बघून दिलेला सल्ला म्हणजे समग्र आहारसल्ला. आज तो मुंबई-पुण्यातल्या पैसेवाल्यांना मिळतो आणि त्याच नावाने भलतंच काही विकलंही जातं. तो सरकारी आरोग्य केंद्रात, वेगळे पैसे न मोजता मिळाला पाहिजे, आणि त्याच्या नावाने चाललेल्या विक्रीला चाप बसला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतील.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसं. राज्यांच्या यादीत सगळ्यात वर होता गोवा, 26.4 टक्के. बांद्याचा नाका ओलांडला की गोवा. जेवण तेच, मासळी तीच, घरातून निघून गेलेली शेतीची मेहनतही तीच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीने हा आकडा शेजाऱ्याचा म्हणून वाचू नये.

आता माणसागणिक सल्ला वेगळा का हवा? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2. दिसायला सडपातळ, आतून मेदाळ, अशी आपल्याकडची कितीतरी शरीरं असतात. वजनकाट्यावर ‘ठीक’ ठरलेल्या माणसाला साखर निघते तेव्हा घरच्यांना विश्वास बसत नाही, त्याचं कारण इथे आहे. पुढे 2015 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 800 जणांच्या रक्तातली साखर सतत मोजली. तोच पदार्थ खाऊन एकाची साखर उसळली, दुसऱ्याची जागची हलली नाही. ब्रिटनमधल्या 2020 च्या अभ्यासात एकसारख्या जुळ्या भावंडांतही असा फरक दिसला.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, मग जनुकांची तपासणी करून घेऊ आणि त्याप्रमाणे खाऊ. तेही करून पाहिलं गेलंय. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2018 साली 609 जणांवर वर्षभर प्रयोग केला. कमी चरबीचा आहार की कमी कर्बोदकांचा, हे जनुकांवरून ठरवून काही फायदा होतो का, हे त्यात तपासलं. तसा फायदा दिसला नाही. दोन्ही गटांचं सरासरी वजन पाच-सहा किलोंनी उतरलं आणि दोन्ही गटांना साखर-मैदा कमी करा, भाज्या वाढवा असंच सांगितलेलं होतं. म्हणजे माणसं वेगळी असतात हे खरं, पण तो वेगळेपणा पाकिटात लाळ घालून कुरियरने पाठवल्यावर कळतो, हे काही सिद्ध झालेलं नाही. माझ्या अनुभवात तो विचारल्यावर कळतो. विचारायला वेळ लागतो.

मासे विकणाऱ्या एका काकींचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय पन्नाशीच्या आसपास, मधुमेह बरीच वर्षं, औषधात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या साखर उतरवणाऱ्या गोळ्या. साखर वाढलेली म्हणून गोळी आधीच एकदा वाढवलेली. मी पहिल्यांदा भाताबद्दल काही बोललेच नाही. म्हटलं, ‘काकी, उठल्यापासून सांगा.’ पहाटे चारला उठणं. नाश्त्याआधीची गोळी चहाबरोबर, सोबत दोन खारी. मग बंदरावर लिलाव, टोपली भरणं, रिक्षा, बाजार. नाश्ता म्हणून काही होतच नाही. दहा-अकराला डोकं गरगरतं, हातापायांना घाम सुटतो, ‘आंग थरथरता’. मग शेजारच्या टपरीवरचा गोड चहा, तो घेतला की बरं वाटतं. असे दुपारपर्यंत तीन-चार चहा. घरी पोचायला तीन वाजतात आणि तेव्हा दिवसाचं पहिलं जेवण, भात अर्थातच भरपूर, कारण तोवर पोटात खड्डा पडलेला असतो. जेवणानंतर तपासली की साखर चढलेली.

गोळीने साखर खाली ओढली, पोटात अन्न नव्हतं, म्हणून ती गरगर. ती भागवायला गोड चहा. चहामुळे आणि उशिराच्या जेवणामुळे वाढलेला आकडा डॉक्टरांच्या टेबलावर. त्यावर उपाय म्हणून आणखी मोठी गोळी. या चक्रात कोणीही चुकीचं वागलेलं नाही आणि तरी काकी एक दिवस भर बाजारात कोसळल्या असत्या. अशा बाईला ‘भात बंद’ सांगणं धोक्याचं आहे. ही गोळी चालू असताना कोणी उत्साहाने भात तोडला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, दिवसाचा क्रम कळवला. गोळीची वेळ आणि मात्रा त्यांनी बदलली. ते काम त्यांचंच आहे आणि त्यांचंच राहिलं पाहिजे. खाण्याचं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. उकड्या तांदळाची पेज त्यांच्या घरी रोज होतेच, सासूबाईंसाठी. तीच घट्टसर, स्टीलच्या डब्यात, सोबत एक उकडलेलं अंडं किंवा रात्रीच्या बांगड्याचा तुकडा, लिलाव आटोपल्यावर साताच्या आत खायची. चहाला साखर अर्धी, खारी बंद. तीन वाजता भात चार डावांऐवजी दोन डाव, कालवण मात्र पातळ आणि वाटीभर, आणि जी मिळेल ती भाजी भाताएवढी. ‘भात बंद म्हणजे जेवणच बंद मा?’ ही त्यांची भीती होती, ती गेली. गरगरणं आठवड्याभरात थांबलं. साखर उतरायला काही महिने गेले, पण उतरली.

त्या बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली आणि ती कोणत्याही कागदावर सापडणार नाही. काकी सकाळभर पाणी पीत नव्हत्या, कारण बाजारात बायकांना जाण्याजोगं स्वच्छतागृह नाही. वाढलेली साखर आणि तासन्‌तास रोखलेली लघवी, यातून त्यांना पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होत होता. हा आहारतज्ज्ञाचा विषय आहे का? पाणी हा आहाराचाच भाग आहे, म्हणून आहे. समग्र म्हणताना मला हेच अभिप्रेत आहे. अशा बाईला ‘रोज अडीच लिटर पाणी प्या’ असं लिहून देणारा सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी अपुरा आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग नगरपरिषदेला लिहायला हवा.

‘आपले पूर्वज हेच खात होते, त्यांना कुठे काय झालं’ असं म्हणणारे इथे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी माझं अर्धं जुळतं. उकड्या तांदळात साळ उकडताना कोंड्यातली बी-जीवनसत्त्वं दाण्यात शिरतात, म्हणून तो पांढऱ्याशुभ्र तांदळापेक्षा उजवा. कुळथाच्या पिठीत प्रथिनं चांगली. शंभर ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम, तांदळात ते नावापुरतं. तारली-बांगडा हे गरिबाचे मासे, आणि हृदयाला हितकर ओमेगा-3 त्यांतच भरपूर. आपल्या थाळीला ओट्सकडून काही शिकायची गरज नाही. पण तीच थाळी पूर्वी चिखलणी करणाऱ्या, डोंगरातून लाकडं आणणाऱ्या शरीरात जात होती. आता ती अंगणात दुचाकी लावून टीव्हीसमोर बसलेल्या शरीरात जाते. आणि नाचणीचेही देव्हारे माजवू नयेत. वर सांगितलेल्या आयुर्विज्ञान परिषदेच्याच पाहणीवर आधारलेलं विश्लेषण 2025 साली आलं. भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात, आणि तांदळाच्या जागी नुसती गव्हाची किंवा भरडधान्याची पिठं आणून मधुमेहाचा धोका घटताना दिसत नाही. एकूण कर्बोदकं कमी करून त्या जागी डाळी-दुधाची प्रथिनं आली तर घटतो. पाच भाकऱ्या खाऊन ‘मी भात सोडला’ म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

मिठाचंही तसंच. जून-जुलैत यंत्रबोटींची मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळ्यात भिस्त सुक्यावर, म्हणजे सुका बांगडा, जवळा, सोडे. जोडीला मिठातल्या कैऱ्या, पापड, लोणचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, आणि रक्तदाबाच्या माणसाचा तेवढा कोटा एका सुक्या बांगड्याने आणि लोणच्याच्या फोडीने बराचसा संपू शकतो. मी सुकं बंद करायला सांगत नाही, कारण त्या दिवसांत कित्येक घरांत दुसरं प्रथिन नसतं. गरम पाण्यात भिजवा, ते पाणी ओता, पुन्हा धुवा, कालवणात वरून मीठ घालू नका, आणि एका जेवणात खारट पदार्थ एकच. सोबत टाकळा, कुर्डू, फोडशी, दारात उगवलेलं असेल ते. चरकसंहितेत आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. त्यांत देश आहे, काळ आहे आणि शेवटी खाणारा स्वतः आहे. आजचं आहारशास्त्र वेगळ्या वाटेने इथेच येऊन पोचलंय, आणि आपण मात्र ऋतू नसलेला कागद छापतो.

शहाळ्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोकणात आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेतात, प्रेमाने नेतात. जुलाब झालेल्या मुलाला ते उपयोगाचं. पण मूत्रपिंड निकामी होत आलेल्या माणसाला शहाळ्यातलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवण्याइतकं महागात पडू शकतं. तेच पालेभाज्यांचं. अ‍ॅनिमियाच्या बाईला भरपूर खा म्हणायचं, आणि रक्त पातळ होण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्याला रोज एकसारख्या प्रमाणात खा, एकदम वाढवू-घटवू नका म्हणून बजावायचं. एकाच घरात ही दोन माणसं असतात आणि भाजीची कढई एकच असते.

घराचा हा मुद्दा ‘व्यक्तिगत आरोग्य’ विकणाऱ्यांच्या गावी नसतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. यातल्या बहुतेक जणी स्वतःच्या हाताने स्वयंपाक करतात. सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या भातावर उरलेलं कालवण घेणाऱ्या बाईला ‘लोहयुक्त आहार घ्या’ हा सल्ला घरातल्या बाकीच्यांना बसवून दिल्याशिवाय लागू पडत नाही. मी शक्य तिथे नवऱ्याला किंवा सासूला सोबत बोलावते. माशाचा मधला तुकडा कोणाच्या ताटात जातो, हे त्यांच्यासमोर विचारते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या, चहाने लोह अंगी लागत नाही, हेही तिथेच सांगते. आणि रक्तक्षय असलेल्या बाईचा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीए1सी, खोटा वाढलेला दिसू शकतो. तिला मधुमेही ठरवण्याआधी हिमोग्लोबिन बघा, ही आठवणही द्यावी लागते.

आणि म्हातारी माणसं. मुलं मुंबईला, घर मोठं, चूल दोघांची किंवा एकाचीच. दोघांसाठी कोण एवढं रांधत बसणार, म्हणून दोन्ही वेळा पेज आणि लोणचं. ही माणसं उपाशी नसतात, पण त्यांचे स्नायू उपाशी असतात. पडली की हाड मोडतं. चाकरमानी मुलगा गणपतीला येताना प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणतो. तो कपाटात उघडाही न होता मुदत संपवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही पावडरींच्या मागे लागू नका, असंच आहे. त्या मुलाला मी सांगते, शेजारच्या वहिनींकडे महिन्याच्या अंड्यांचे आणि दुधाचे पैसे देऊन ठेव, आणि आईला कुळथाचं पीठ दळून दे. पिठी दहा मिनिटांत होते आणि तिला ती आवडते.

आता बाजाराबद्दल. ‘होलिस्टिक’, म्हणजे समग्र, ही पाटी लावायला आज कोणी अडवत नाही. काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, मग फेसबुकवर जाहिरात, मग पॅकेज. पॅकेजमध्ये अन्नाची ‘असहिष्णुता’ शोधणारी आयजीजी तपासणी असते, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ती निदानासाठी वापरू नये, असं स्वच्छ सांगितलेलं आहे. जो पदार्थ आपण नेहमी खातो त्याचीच आयजीजी रक्तात दिसते. त्यामुळे अहवाल हातात पडल्यावर माणसं नारळ, मासे, डाळ एकाच दमात सोडतात. मग डिटॉक्सचे रस आणि काढे. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद असो, पण ‘नैसर्गिक आहे, कितीही घ्या’ हे वाक्य बेजबाबदार आहे, एवढं तरी दोन्ही बाजूंनी मानायला हरकत नसावी. सगळ्यात भयंकर म्हणजे ‘इन्सुलिन सोडा, मधुमेह मुळापासून घालवतो’. 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषध-उपायाची जाहिरात करणं गुन्हा आहे. कायदा सत्तरीत पोचलाय आणि जाहिराती रोज मोबाइलवर येतात.

2021 साली संसदेने आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ दोघेही आहेत, ठरावीक शिक्षण आहे, राज्य परिषदेकडे नोंदणी आहे. त्या यादीत ‘होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट’ असा वेगळा प्रकार नाही आणि मला तो असायलाही नको आहे. समग्र दृष्टी ही प्रत्येक नोंदणीकृत आहारतज्ज्ञाकडून अपेक्षिली पाहिजे. ती वेगळी पाटी झाली की तिच्या आडोशाला कोणीही उभं राहतं. नोंदणी क्रमांक दाखवल्याशिवाय पैसे घेऊन आहारसल्ला देता येऊ नये, ही माझी मागणी माझ्याच व्यवसायातल्या काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

पण नुसती बंदी घालून गावातली गरज भागत नाही. लोक त्या पॅकेजवाल्यांकडे का जातात? कारण ते अर्धा तास ऐकून घेतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशी पदं आहेत. आहारतज्ज्ञाचं नाही. तिशीवरच्या सगळ्यांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आशाताई घरोघर जाऊन करवून घेतात, ते उत्तम काम आहे. पण साखर सापडल्यावर त्या माणसाने घरी जाऊन काय रांधायचं, हे सांगायला त्या साखळीत कोणीही नेमलेलं नाही.

प्रत्येक केंद्रावर पद नेमा, असा हट्ट मी धरत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक पद, आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी आळीपाळीने एकेका केंद्रावर बैठक, एवढं परवडण्याजोगं आहे. बाजाराचा दिवस यासाठी की माणसं तशीही गाडी पकडून येतात, आणि पिशवीत काय घेतलंय ते समोर असतं. पहिली भेट अर्ध्या-पाऊण तासाची, पुढच्या दहा मिनिटांच्या, काही घोळक्यात. उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई मधला पाठपुरावा करू शकतात, त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळाले तर. ‘इतका वेळ द्यायला माणसं कुठून आणणार’ असं विचारणाऱ्यांनी डायलिसिसच्या एका खुर्चीवर आठवड्याला किती तास आणि किती पैसे जातात, त्याचा हिशेब शेजारी मांडावा.

आणि पद भरायचंच असेल तर ते अकरा महिन्यांच्या करारावर भरू नये. बाहेरून आलेल्या मुलीला इथली पेज किती घट्ट शिजते, सुकं कधी भरतात, श्रावणात कोणत्या घरात मासळी बंद होते आणि मग प्रथिन कुठून येतं, हे कळायला एक अख्खं वर्ष लागतं. ते कळेपर्यंत तिचा करार संपलेला असतो आणि तिच्या जागी आलेली दुसरी मुलगी फायलीत तोच ओट्सचा कागद घालू लागते. सावंतवाडी, मालवण, राजापूर, दापोली इथे वाढलेल्या, गृहविज्ञान किंवा आहारशास्त्र शिकलेल्या मुली आज नोकरीसाठी मुंबई गाठतात. त्यांच्या तालुक्यात कायम पद निघालं तर त्यांतल्या बऱ्याच जणी परत येतील.